ट्रकच्या पाट्याची तासणी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पेडण्याच्या बाजारात पोदेराच्या सायकलीपाशी उभी राहून पाव घेत होते. "बाय, दादा गेलो..." एवढंच ती म्हणाली. फोनमधून लाटंबार्शाच्या आमच्या अंगणातला कोंबडा तेवढा आरवताना ऐकू येत होता. पोदेराने पाव पिशवीत घातले, माझ्याकडे बघितलं आणि सायकल बाजूला घेतली. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, डिचोलीहून लाटंबार्शे... बसच्या त्या सगळ्या वाटेत मला रडू आलं नाही. आपण पोचलो की दादा फाटकापाशी येऊन ओरडणार, "इलंस? उशीर केलंस!" असंच वाटत राहिलं. आयुष्यभरात तो हळू आवाजात एकदाच काय तो बोलला होता. त्यामुळे त्या दिवशी घर लांबून गप्प दिसलं, तेव्हा मला कळलं.

आमची शेवटची भेट चतुर्थीची. गोव्यात चतुर्थीला माणूस कुठेही असो, मूळ घरी येतो. गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची माटोळी बांधायची असते आणि तिची लाकडी चौकट टांगायचं काम दादाचं. यंदा तो स्टुलावर चढला, दोन गाठी मारल्या आणि खाली उतरून उगाच पंख्याकडे बघत बसला. मी विचारलं, "दम लागलो?" तर म्हणाला, "दम कसलो! चौकट सरळ आसा काय ती लांबसून बगतंय." चौकट सरळच होती. ती कशी सरळ आहे, आपण ती कशी बनवली, तिच्या सांध्यात खिळा कसा नाही, हे त्याने त्या दिवशी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. माझा दादा नम्र माणूस नव्हता. आपलं काम चांगलं आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि ते दुसऱ्यालाही कळावं याची तो पुरेपूर काळजी घेई. पण ही ऐट त्याला वारशात मिळाली नव्हती. ती त्याने पंचेचाळिशीच्या पुढे कमावली, आणि कशी कमावली तेच मला सांगायचं आहे.

आमचं घराणं मेस्तांचं. मेस्त म्हणजे सुतार. आमच्या वडिलांना, आबांना, लाटंबार्शापासून दोडामार्गापर्यंत लोक ओळखत. नांगर, जू, दाराच्या चौकटी, खिडक्यांची जनेलं, देवळातल्या पालखीचे दांडे... लाकडाचं म्हणून जे काही गावाला लागे, ते आबांच्या हातून जाई. त्यांची हत्यारं एका फणसाच्या पेटाऱ्यात असत. लाकूड छिलायची तासणी, गुळगुळीत करायचा रंधा, खाचा पाडायच्या पटाश्या, भोकं पाडायचं गिरमिट. आबा त्यांना हत्यारं म्हणत नसत, "आयुधां" म्हणत. दसऱ्याला ती धुऊन, तेल लावून तुळशीपाशी मांडली जात. दादा शाळा संपवून घरी बसला तेव्हा आबांनी गृहीतच धरलं होतं, की आता पेटाऱ्याची दुसरी कडी हा धरणार. पण दादाने तोवर वाडीत ट्रॅक्टर आलेला पाहिला होता. "नांगर कोण घेतलो आता?" त्याने विचारलं. आबा फार चिडले.

दादा खाणीवर गेला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग बँकेचं कर्ज काढून स्वतःच्या टिपर ट्रकचा मालक. पहिल्यांदा तो टिपर घरी आला तेव्हा त्याने वळणापासून जो हॉर्न वाजवला, तो थेट फाटकापर्यंत. आई आरती घेऊन बाहेर आली. आबा मागच्या दाराने बागायतीत गेले. त्या दिवसापासून त्यांनी दादाशी बोलणं सोडलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही... फक्त त्याच्याशी बोलायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. दादा समोर जेवायला बसलेला असला तरी आबा आईला सांगणार, "त्येका सांग, कढी निवता." आई म्हणणार, "आयकलंस मरे?" आणि दादा म्हणणार, "त्यांका सांग, निवांदी." दसऱ्याला अंगणात दोन पूजा होत. तुळशीपाशी आबांची आयुधं, आणि फाटकापाशी झेंडूच्या माळांनी मढवलेला दादाचा टिपर. आई एकाच ताटातून दोन्हीकडे हळदकुंकू वाही. मी लग्न होऊन पेडण्याला आले, तिथल्या मराठी शाळेत शिकवू लागले. आई गेली. मग निरोप सांगायचं काम वहिनीकडे आलं, पण बाप-लेकांचं बोलणं काही सुरू झालं नाही.

मग खाणी बंद पडल्या. ज्यांनी तो काळ डिचोली तालुक्यात काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्यांवरची लाल धूळ बसली, झाडं हिरवी दिसू लागली, आणि घराघरासमोर टिपर उभे राहिले ते उभेच राहिले. दादाच्या टिपरच्या मागच्या चाकातून पावसाळ्यात एक वेल वर चढली. तिला निळी फुलं आली. दादा बाल्कांवात, म्हणजे आमच्या पुढच्या ओसरीवर, खुर्चीवर बसून दिवसभर त्या फुलांकडे बघत असे. हॉर्न वाजवत घर हलवणारा माणूस... त्याच्या तोंडून शब्द निघेना. वहिनी फोनवर मला म्हणाली, "बाय, घरात आता दोन मुके झाले."

त्याच सुमारास मोरजीहून पांडूबाब आला. मोरजी हे आबांचं आजोळ. ऐन तारुण्यात आबांनी तिथे मामांच्या हाताखाली होड्या बांधल्या होत्या. पांडूबाब रापणकारांचा म्होरक्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते जाळं समुद्रात वळसा घालून सोडत येते आणि मग सगळा गाव दोन्ही टोकं ओढतो. त्यांची लाकडी होडी जुनी झाली होती, तळाकडची एक लांब फळी कुजली होती. बाकीच्यांनी फायबरच्या होड्या घेतल्या होत्या, पण पांडूबाबाला ही मोडीत काढवत नव्हती. "मामा, तुमच्याच हातची होडी ही," तो आबांना म्हणाला. "तुमीच बरी करूक जाय." आबांनी आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. ते थरथरत होते. डोळ्यांत मोतीबिंदू होता तो वेगळाच. पांडूबाब खाली बघू लागला. आबा बाल्कांवाच्या दिशेने मान न वळवता म्हणाले, "त्येका सांग, पेटारो भायर काढ."

आबा आणि दादा पेडण्याला माझ्याकडे राहायला आले. तिथून मोरजी जवळ. रोज सकाळी दादाच्या मोटारसायकलवर दोघं निघत. पेटारा पांडूबाबाने आधीच टेंपोतून नेला होता. मोटारसायकलवर मागे बसायचं म्हणजे पुढच्याचा खांदा धरावाच लागतो. पहिल्या दिवशी आबांनी मागची लोखंडी दांडी धरली. आमच्या घराच्या उतारावर पहिलाच खड्डा आला आणि त्यांचा हात आपोआप दादाच्या खांद्यावर गेला. मी दारातून बघत होते. तो हात पुढे वळणापर्यंत तिथेच होता.

होडी वाळूवर माडाच्या झावळ्यांच्या मांडवात होती. दुपारी मी शाळा सुटल्यावर त्यांचं जेवण घेऊन जायची. आबा खुर्चीवर, दादा उभा, पायांमध्ये आंब्याची कोरी फळी. तासणीचं पातं कुदळीसारखं आडवं असतं, आणि ती आपल्याच पायांकडे ओढून चालवायची असते. थोडी चुकली की लाकडाऐवजी पायच. दादाच्या तळहातांना फोड आले होते. स्टिअरिंग धरून घट्ट झालेले ते हात तासणीला उपयोगाचे नव्हते. आबांना दिसत नव्हतं, पण ते ऐकत होते. तासणी लाकडात किती उतरली ते त्यांना आवाजावरून कळे, आणि ते पांडूबाबाला सांगत, "त्येका सांग, खोल गेली." पांडूबाब दादाला सांगे, "खोल गेली." दादा म्हणे, "त्यांका सांग, कळला माका." शेवटी एका दुपारी पांडूबाब वैतागला. "मामा, माका चाळीस माणसांची रापण चलवची आसा. तुमचो निरोप्यो नाय मी!" असं म्हणून तो तरातरा निघूनच गेला.

मांडवात आम्ही तिघंच राहिलो. मी डबा उघडायचं विसरले. दादाने तासणी उचलली. एक घाव, दुसरा, तिसरा... समुद्राचा आवाज, आणि त्यात तो आवाज.

"खोल," आबा म्हणाले.

कोणाला सांगितलं ते विचारायची गरजच नव्हती. दादा थांबला. मग म्हणाला, "माका जमाचा नाय, आबा."

"ट्रक चलवक जमता, मगे ह्या कित्या जमाचा नाय?" आबांचा आवाज चिडलेला होता, पण तो चिडलेला आवाज थेट दादाकडे गेला होता. "दांडो माझ्या हातात बसलेलो आसा तो. तुझ्या हाताक नवो कर. आदी दांडो, मगे फळी. हात तुझे, कान माझे. बगूया जमता काय."

दादाने त्या संध्याकाळी आपल्या मुठीला बसेल असा नवा दांडा केला. दुसऱ्या दिवसापासून मी जेवण घेऊन गेले की मला मांडवात दोन माणसांचं बोलणं ऐकू येई. गोड बोलणं नव्हतं ते. "गाढवा, रेषा धर," "धरलंय मरे, तुमका दिसता तरी खय," असंच सगळं. मी बाहेर वाळूत उभी राहून थोडा वेळ ते ऐकत असे आणि मगच आत जाई. फळी होडीच्या वळणाला बसेपर्यंत दादाने ती कितीदा उचलली आणि कितीदा खाली ठेवली, त्याला सुमार नाही. मग गिरमिटाने काठाला भोकं पाडून, काथ्याच्या दोरीने ती शेजारच्या फळीला शिवायची. आमच्याकडच्या जुन्या होड्यांना खिळे नसतात, त्या शिवलेल्या असतात. वरून काजूच्या टरफलांचं काळं तेल. सगळं झाल्यावर आबा उठले आणि पूर्ण सांध्यावरून बोटं फिरवत होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. एके ठिकाणी थांबले. परत मागे आले. मग म्हणाले, "आता उदकच काय ता सांगतला."

होडी पाण्यात ढकलायच्या दिवशी सगळी रापण जमली होती. पांडूबाबाने नारळ वाढवला. वल्ही मारणारे चढणार, तोच आबा म्हणाले, "थांबा. ज्येणा फळी बसयली, तो पयलो बसतलो." होड्या बांधणाऱ्यांची जुनी रीत होती ती. पण आम्ही डोंगराकडची माणसं, गावच्या ओहोळात गुडघाभर पाण्यात खेळलेली, पोहणं कोण शिकणार? दादाचा चेहरा उतरला. तो आबांच्या जवळ जाऊन, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "आबा, माका पेवूक येणा नाय."

"माका ठावक आसा," आबा म्हणाले. "म्हणानच फळी बरी बसयलंस."

सगळे हसले. दादा हसला नाही. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, होडीत चढला आणि नेमका त्या नव्या फळीवर उकिडवा बसला. होडी लाटांत शिरली. पहिल्या मोठ्या लाटेवर तिचं तोंड उंच झालं आणि दादाचं डोकं दिसेनासं झालं. आबांनी माझं मनगट धरलं होतं. "खय पावली?" ते विचारत. मी सांगत होते... आता लाट आली, आता वर आली, आता दिसते, आता पलीकडे गेली. शब्दाशब्दाला त्यांची बोटं आवळत होती. मी घाबरले होते हे खरं, पण ती भीती कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त होतं. जिच्यासाठी आई जन्मभर थांबली ती गोष्ट आपण पाहतोय, असं काहीतरी.

होडी मोठा वळसा घालून परत आली. दादाला दोघांनी धरून उतरवलं. तो काळानिळा पडला होता, पोटातलं सगळं समुद्रात गेलं होतं. पांडूबाबाने होडीत वाकून नव्या फळीच्या सांध्यावरून आतून हात फिरवला आणि तो कोरडा हात उंच करून दाखवला. "थेंब नाय, मामा! एक थेंब नाय!" लोकांनी गजर केला. आबा मात्र होडीकडे गेलेच नाहीत. चाचपडत दादापाशी गेले, त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "पोट कसा आसा तुझा?"

"जागेवर नाय," दादा म्हणाला. आणि मग त्याला जे हसू फुटलं, ते आम्ही खाणी बंद पडल्यापासून ऐकलं नव्हतं.

लाटंबार्शाला परतल्यावर त्याने टिपर भंगारात दिला. पण देण्याआधी खाली शिरून त्याने मागच्या स्प्रिंगचे पाटे काढून घेतले. ते लांब वाकडे पोलादी पट्टे मोटारसायकलला बांधून तो डिचोलीच्या लोहाराकडे गेला आणि त्यातून एक तासणी आणि दोन पटाश्या घडवून आणल्या. आबांनी नव्या तासणीच्या धारेवरून अंगठा फिरवला, पातं नखाने वाजवून पाहिलं. "लोखंड बरा आसा," ते म्हणाले. "इतकी वर्सां फुकट दगड व्हावन नेलंस त्यावरसून." दादाने हे वाक्य पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं, अगदी आबांच्या आवाजात. ट्रकही आपलाच आणि तासणीही आपलीच, असं म्हणायची सोय आबांनी त्याला करून दिली होती. ते त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं, कळलं होतं.

त्यानंतरची वर्षं दादाची भरभराटीची. जुन्या घरांच्या दुरुस्त्या, देवळांचे दरवाजे, होड्या. मशिनं त्याने घेतली, नाही असं नाही, पण जिथे लाकूड वळणाचं असे तिथे तो आबांचा पेटारा उघडे. आबा पुढेही बरीच वर्षं खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांचा "खोल" हा शब्द हळूहळू कमी होत गेला आणि मग एका पावसाळ्यात ते झोपेतच गेले. दादाने त्यांच्या पेटाऱ्याला हार घातला नाही. बाराव्यानंतर तो उघडला आणि कामाला लागला.

मोरजीतल्या एका हॉटेलवाल्याची गोष्ट तर दादाने सांगावी आणि आपण ऐकावी. त्याला आबांची जुनी आयुधं हवी होती, भिंतीवर शोभेला टांगायला. मागाल ते देतो म्हणाला. दादाने सांगितलं, "ह्यांका भिंत सोसाची नाय, ती कामाची माणसां." पण गिऱ्हाईक सोडेल तर तो दादा कसला! त्याने फणसाच्या लाकडाची हुबेहूब हत्यारं करून दिली. पात्यांसकट सगळं लाकडाचं. हॉटेलवाला खूश झाला. आता तिथे पर्यटक त्या लाकडी तासणीखाली उभे राहून फोटो काढतात. आम्ही एकदा तिथे चहा प्यायलो, तेव्हा दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाय, बग, हीच्यान लोणी सुद्दा कापूचा नाय!"

अशा माणसाच्या कामाच्या जागेत तो गेल्यावर शिरायचं म्हणजे... मी ते बरेच दिवस टाळलं. बाराव्यालाही मागच्या पडवीकडे, जिथे तो काम करी, गेले नाही. काही आठवड्यांनी वहिनीला सोबत म्हणून पुन्हा गेले, तेव्हा सकाळी तीच म्हणाली, "चल गो." लाकडाचा भुसा होता तसाच होता. लाकूड कापायच्या घोडीवर फणसाची एक जाड फळी अर्धी कापलेली, शेजारच्यांच्या नव्या घराच्या उंबऱ्यासाठी. आणि खुंटीला चौकटीची मोठी करवत. ही करवत लाकडी चौकटीत दोरी पिळून ताणलेली असते, दोन माणसांनी दोन्हीकडून धरून चालवायची. मी पाहिलं, तिची दोरी सैल होती. मला वाटलं, तुटली की काय.

"तुटूक नाय," वहिनी म्हणाली. "काम झाला की ते सैल करून ठेवत. रात्रभर ताणलेली रवली तर चौकट वाकडी जाता. त्या दिवशी छातीत दुखता म्हणाले. मी म्हटलं, पडा जरा, सकाळी म्हापशाक डॉक्टराकडे जावया. तर म्हणाले, थांब, आदी दोरी सैल करतंय..." तिने सैल दोरीला बोट लावलं. "म्हणजे दुसऱ्या दिवशी काम करूचा होता त्यांका."

वहिनीने पदर खोचला. खुंटीवरून करवत उतरवली, दोरीत अडकवलेली लाकडी काडी धरली आणि पीळ देऊ लागली. सवयीचे हात होते ते. इतकी वर्षं या करवतीचं दुसरं टोक तिनेच धरलं होतं. दोरी ताणत गेली, लाकूड किंचित करकरलं. तिने बोटाने दोरी छेडून पाहिली, आणखी एक पीळ दिला, पुन्हा छेडली, आणि तिचं समाधान झालं.

"शेजारी उंबऱ्यासाठी थांबले आसत," ती म्हणाली. "धर त्या बाजून."

मी चष्मा नीट केला आणि समोर उभी राहिले. करवतीचे दात दादाने थांबवलेल्या जागी टेकले. मी जोर लावला तशी ती अडकली.

"ढकलू नको, बाय," वहिनी म्हणाली. "आपल्याकडे ओढ, आणि मगे सोड. बाकीचा माझ्याकडे."

मी ओढलं. मग सोडलं. भुसा खाली पडू लागला.